बाहेरचा काटा

आमच्या बाबांच्या लोखंडी कपाटात, जमिनीच्या उताऱ्यांखाली, एक जुनी प्लॅस्टिकची पिशवी आहे. तिच्यात वजनकाट्याच्या पावत्या आहेत. बऱ्याचशा पावत्यांची शाई उडालीय, काहींवर आकड्यांचे नुसते डाग उरलेत. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडच्या बाजूचं. ऊस थोडाच, पण जो काही असेल तो कारखान्याला नेण्याआधी बाबा रस्त्यावरच्या खासगी काट्यावर तोलून घ्यायचे. काटेवाल्याला पैसे द्यावे लागायचे, पाऊण तास मोडायचा, ट्रॅक्टरवाला कुरकुरायचा. "काटा बाहेर केल्याशिवाय गाडी आत न्यायची नाही," हा बाबांचा नियम. सीमाभागातल्या ऊसकऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. माल घेणाराही तोच आणि काटाही त्याचाच. कधी दोन पावत्यांत फरक निघाला की बाबा खिडकीशी जाऊन उभे राहायचे आणि आतला माणूस मान वर न करता म्हणायचा, बाहेरचा काटा आम्ही मानत नाही.

त्या पिशवीतली एक पावती मात्र वेगळी आहे. त्या दिवशी बाहेरच्या काट्यानंच दीड क्विंटल कमी दाखवलं होतं, कारखान्याचं वजन जास्त भरलं होतं. मी तेव्हा बारावीत होतो. बाबा घरी आले, हातपाय धुतले, पावती पिशवीत टाकली. मी म्हटलं, ही कशाला ठेवताय, फाडून टाका की. बाबा म्हणाले, "ही फाडली तर बाकीच्यांना काय किंमत राहिली?"

पुढे काही महिने मी पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या एका स्वतंत्र संस्थेत काम केलं. लोक विचारायचे, तुमची संस्था सरकारी का? नाही. मग कंपनीची? नाही. मग कुठल्या पक्षाची? तेही नाही. मग आहे तरी काय? तेव्हा मला उत्तर सुचायचं नाही. आज मी सरळ म्हणेन, बाहेरचा काटा आहे.

*

२०१४ साली बेळगावात बीएस्सी संपवून मी घरी बसलो होतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या ओढ्या-विहिरींचा अभ्यास करायला बंगळूरहून एक संस्था आली होती. त्यांना मराठी आणि कानडी येणारा, शिवाय घाटाकडची कोकणी वळणाची बोली कळणारा पोरगा हवा होता. माझं आजोळ कणकुंबीच्या अलीकडचं. मुलाखत अशी झालीच नाही. संस्थेचं काम बघणाऱ्या मॅडमनी कानडीत एवढंच विचारलं, "जळवा चालतात का?"

कणकुंबी नकाशावर बघून कळत नाही, तिथं एक आषाढ काढावा लागतो. माऊलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला निघते. जांबोटी, खानापूर करत ती सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात जाते आणि पुढे कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. शेजारचाच कळसा ओढा मात्र पश्चिमेला वळून म्हादईत जातो. म्हादई देगावजवळ, भीमगडच्या रानात जन्मते आणि गोव्यात उतरून मांडवी होते. आजोबा सांगायचे, देवळाच्या कौलांच्या एका अंगाला पडलेला पाऊस बंगालच्या उपसागरात जातो आणि दुसऱ्या अंगाला पडलेला अरबी समुद्रात. ते कितपत खरं, देव जाणे. पण असल्या गावात पाण्यावरून भांडण होणार नाही तर कशावरून होणार?

भांडण सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. कळसा आणि बंडुरी या ओढ्यांचं पाणी वळवून मलप्रभेत आणायची कर्नाटकाची योजना आहे. २००६ साली कणकुंबीत कालव्याची खोदाई सुरू झाली, गोव्यानं हरकत घेतली आणि २०१० साली लवाद नेमला गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा आला. त्यात कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी पाणी मिळालं, पैकी कळशाचं १.७२ आणि बंडुरीचं २.१८. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. हा आकडा मी आजोळी पडवीत बसून सांगितला तेव्हा मामानं विचारलं, "आणि आपल्या बावीत किती?"

उलट्या बाजूचंही सांगायला हवं. मलप्रभेच्या खोऱ्यातल्या नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी २०१५ च्या जुलैपासून याच पाण्यासाठी आंदोलनाला बसले. ती काळी, हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडलेली जमीन मी पाहिली आहे. माझं आजोळ कणकुंबीचं म्हणून ती माणसं माझी शत्रू होत नाहीत.

*

कामाला मी आलो ते मोठ्या कल्पना घेऊन. जंगल, वाघ, गळ्यात दुर्बीण. हातात आली ती एक मोजपट्टी, एक स्टॉपवॉच आणि पिशवीभर संत्री. संत्री खायची नव्हती. ओढ्याचा सरळ वाहणारा दहा मीटरचा पट्टा धरायचा, वरच्या टोकाला संत्रं सोडायचं आणि खालच्या टोकाला पोचायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. संत्रं यासाठी, की ते बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्यानं भरकटत नाही. मग ओढ्याची रुंदी घ्यायची, जागोजागी खोली घ्यायची आणि गुणाकार करायचा. वरचं पाणी तळच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून आलेल्या उत्तरातून थोडं कापायचं. हे आठवड्यातून दोनदा, त्याच जागी, पाऊस असो नसो. एकदा गुराख्याच्या पोरानं खालच्या टोकाला उभं राहून सलग तीन संत्री खाल्ली. वहीत त्या दिवशीच्या रकान्यात मी खरं कारण लिहिलं. मॅडमनी ते खोडलं नाही.

पर्जन्यमापकाशी माझी चांगली गट्टी जमली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण सकाळी साडेआठला इरल्याखाली वाकून पाणी ओतताना, आणि एकाच दिवसात नळी तीनदा भरलेली बघताना, ते अंगात भिनतं. मामाच्या अंगणात एवढं पाणी पडायचं आणि एप्रिलात त्याच अंगणात मामी हंडा घेऊन बावीपाशी नंबर लावायची. या कोड्याचं उत्तर जांभ्या दगडात आहे. जांभा चाळणीसारखा. तो पाणी पटकन पितो आणि पटकन सोडतो. पावसाळ्यात बाव काठोकाठ भरते आणि माघ संपेस्तोवर तळ दाखवायला लागते.

तरीही त्या दिवसांतली सगळ्यात लख्ख आठवण कणकुंबीची नाही, बेळगावची आहे. मॅडमना पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा होता. घाटातल्या ओढ्याचाही आणि तुलनेसाठी शहराबाहेरच्या बळ्ळारी नाल्याचाही. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून बुडबुडा न राहता भरायची, मग तिच्यात दोन रसायनं सोडायची, बूच लावायचं आणि उलटीसुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. कणकुंबीला धरला. चहात बिस्किट विरघळावं तसा गढूळ तपकिरी. मी म्हटलं, घाण झालं पाणी. मॅडम हसल्या, म्हणाल्या, हीच तर चांगली खूण.

दोन दिवसांनी येळ्ळूरच्या बाजूला, बासमतीच्या शिवारात, आम्ही नाल्यावर वाकलो. बेळगाव बासमतीचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या जागी दुसराच वास घेताना काय वाटलं असेल ते सांगायला नको. तीच बाटली, तीच रसायनं. साका पांढरा आला. दुधासारखा, देखणा, स्वच्छ पांढरा. म्हणजे त्या पाण्यात प्राणवायू नव्हता. बांधावर उभा असलेला शेतकरी म्हणाला, "हे बरं दिसतंय की." कानडीतून मराठीत आणताना मला त्या वेळी शब्दच सापडेना. शेवटी मी म्हटलं, "काका, पांढरं म्हणजे मेलेलं." ते काही बोलले नाहीत. दर पावसाळ्यात नाला फुगून भात कुजतं हे त्यांना आमच्या बाटलीनं सांगायची गरज नव्हती.

परत येताना बसमध्ये माझ्या मनात एकच घोळत होतं. सरकारी कागदावर कळसा हाही 'नाला' आणि हाही 'नाला'. आजोळी कळशाला कुणी नाला म्हणत नाही. पण टीएमसीच्या हिशेबात दोघांना एकच शब्द.

*

बाहेरच्या काट्याची गरज फक्त आपल्याकडेच पडते असं नाही. १९७० च्या दशकात पश्चिम जर्मनीत, फ्रायबुर्गजवळच्या व्हील गावात अणुवीज केंद्र यायचं होतं. तिथले द्राक्षवाले शेतकरी बिथरले. शीतक मनोऱ्यांच्या वाफेनं धुकं वाढेल आणि द्राक्षं बिघडतील, ही त्यांची भीती. लोकांनी जागेवर ठाण मांडलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिथं कळलं, की जाणकार जेवढे आहेत ते सगळे एकतर सरकारकडचे नाहीतर वीज कंपनीकडचे. शेतकऱ्याच्या बाजूनं आकडा मांडणारा कुणीच नाही. त्या अडचणीतून १९७७ साली ओको-इन्स्टिट्यूट ही संस्था उभी राहिली. माझ्या बाबांना हे सांगितलं तर ते म्हणतील, त्यात नवल काय, गाडी बाहेर तोलली त्यांनी.

आपल्याकडे अनिल अगरवाल यांनी १९८० साली दिल्लीत सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट सुरू केलं. दोन वर्षांनी त्यांनी देशाच्या पर्यावरणाचा पहिला नागरिक अहवाल काढला. 'नागरिक' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण तोवर असले अहवाल खात्यांचे असायचे. याच संस्थेनं २००३ साली शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं तेव्हा गदारोळ झाला, प्रयोगशाळेवरच शंका घेतल्या गेल्या. मग शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि २००४ साली तिनं संस्थेचे निष्कर्ष उचलून धरले. खिडकीतल्या माणसानं बाहेरची पावती मानल्याचा प्रसंग विरळा, म्हणून हा लक्षात राहतो.

दांडेलीकडचं बांबूचं प्रकरण तर आमच्या हद्दीला लागून आहे. कागद कारखान्याला जंगलातला बांबू टनाला दीड रुपयानं मिळायचा आणि टोपल्या-सुपं विणणाऱ्या बुरुडाला तोच बाजारातून कितीतरी पट महाग. बांबू संपत चालला तेव्हा बोट दाखवलं गेलं ते गावकऱ्यांकडे आणि त्यांच्या गुरांकडे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी जंगलात जाऊन पाहिलं. गावकरी बांबू तोडताना बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं तसंच ठेवून वरून कापत होते. कारखान्यासाठी तोड करताना मात्र सोयीसाठी ते जाळं साफ व्हायचं, मग कोवळे कोंब गुरांच्या, माकडांच्या तोंडी उघडे पडायचे. हा अभ्यास करायला सांगितला होता राज्य सरकारनंच. म्हणजे पैसा कुणाचा एवढ्यावरच काटा खरा की खोटा ठरत नाही. पण पैशाचा प्रश्न उडवूनही लावता येत नाही. आमच्या संस्थेचं काम तीन वर्षांच्या अनुदानावर होतं. चौथ्या वर्षी पर्जन्यमापक मामाच्या अंगणातून उचलला गेला. मामीनं त्या चौथऱ्यावर तुळस लावली.

*

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला, तिथं येतो.

त्या मे महिन्यात गावात बैठक झाली. देवळापुढच्या मांडवात पंचवीस-तीस माणसं होती. काही कालव्याविरुद्धच्या आंदोलनातली, बाकीची आमच्यासारखी नुसती ऐकणारी. सगळ्यांचं म्हणणं एकच. खोदाई झाल्यापासून बावी लवकर आटतात, तुम्ही तसं लिहून द्या. एका म्हाताऱ्यानं मॅडमपुढे हात जोडले. मामाही तिथंच बसला होता, त्याच्या शेजारी माझा मामेभाऊ.

मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग कानडीत म्हणाल्या, आमच्याकडे एका वर्षाचे आकडे आहेत. बाव आटण्याला खोदाई कारण असेल, कमी पाऊस असेल, वाढलेले पंपही असतील. खोदाईच्या जवळच्या आणि लांबच्या, अशा दोन्हीकडच्या बावी तीन-चार वर्षं सारख्या मोजल्या तर सांगता येईल. आज मी तसं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि कोर्टात कुणी विचारलं तर तुमचंच नुकसान होईल.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या समोर ते जोडलेले हात होते. मी मराठीत म्हटलं, "मॅडम म्हणतात, तुमचं बरोबर दिसतंय. थोडे आकडे जमले की लिहून देऊ."

मांडवात हलकी कुजबूज झाली. कुणीतरी चहा सांगितला. मॅडमना मराठी येत नव्हतं. लोकांचे चेहरे उजळलेले पाहून त्यांना वाटलं असावं, माणसं समजूतदार आहेत. त्या मला म्हणाल्या, "छान सांगितलंस."

तीन वर्षांनी अहवाल आला, इंग्रजीत. 'आढळून आलेला कल', 'अधिक अभ्यासाची गरज' अशा धर्तीची सावध वाक्यं. गावापर्यंत तो पोचलाच नाही. पोचला असता तरी वाचणार कोण? उतारा कानडीत, बोलणं मराठीत, अहवाल इंग्रजीत; आमच्या भागात एक माणूस तीन कागदांत राहतो. पश्चिम घाटाबद्दलच्या गाडगीळ समितीनं २०११ च्या अहवालात म्हटलं होतं, की हे लोकांच्या भाषेत ग्रामसभांपर्यंत न्या. पुढे आमच्याकडे पोचल्या त्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवलेल्या गावांच्या याद्या, आणि यादीत नाव आलं म्हणजे घर सोडावं लागणार, ही अफवा. दिल्लीचा तो पहिला नागरिक अहवाल कानडीत आणला होता शिवराम कारंतांनी, तेही ऐंशीच्या घरात असताना. एवढ्या मोठ्या लेखकाला दुसऱ्याचे आकडे आपल्या भाषेत आणणं कमीपणाचं वाटलं नाही. आणि मला चार वाक्यं जशीच्या तशी आणता आली नव्हती. मी बाबांची ती एक पावती फाडली होती, आणि तीही भर मांडवात.

हे मी कुणाला सांगितलं नाही. अहवालाचा विषय निघाला की मीही इतरांसारखा म्हणायचो, संस्थावाले येतात, माहिती घेऊन जातात, परत काही देत नाहीत. त्यात थोडं खरं आहेच.

*

गेल्या माघात आजोळी गेलो होतो. मामेभाऊ आता गावातली दूध डेअरी बघतो. सकाळी सहाला त्याच्या दारात किटल्यांची रांग आणि तीच रोजची कटकट, माझं फॅट कालपेक्षा कमी कसं? तो प्रत्येकाला मशीनचा आकडा वळवून दाखवतो. मी ओट्यावर बसून बघत होतो. गर्दी ओसरल्यावर काय वाटलं कोण जाणे, मी त्याला सगळं सांगितलं. मांडव, मॅडम, माझं ते वाक्य.

तो किटलीत पाणी घालून हिसळत होता. म्हणाला, "माहिती आहे मला."

"काय माहिती आहे?"

"चार वर्षं हुबळीच्या ट्रकवर क्लीनर होतो मी. कानडी येत नाही होय मला?"

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"म्हातारा किती खूश झाला होता. आणि तू पण." त्यानं किटली पालथी घातली. "बाई मात्र खरं बोलली होती. तीन-चार वर्षं मोजा म्हणाली होती."

आत जाऊन त्यानं डेअरीचं एक जुनं जाड रजिस्टर आणलं. लिटर, फॅट, रक्कम हे रकाने पुढून. मागच्या पानांपासून उलटं, त्याच्या बसक्या अक्षरात, तारखा आणि फूट-इंच. आपली बाव. पाटलांची बाव. देवळामागची बाव. आणि लांबची, टेकडीपलीकडची एक, जिच्यापर्यंत चालत जायला अर्धा तास लागतो. दर रविवारचे आकडे. मधे पाच महिने कोरे होते, तिथं लिहिलं होतं, 'पाय मोडला'. एका पानावर देवळामागच्या बावीचं पाणी आदल्या वर्षापेक्षा वर आलेलं होतं. त्यानं तेही तसंच लिहून ठेवलं होतं.

"यातून काय निघतं?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? मी फॅट काढतो." मग घड्याळ बघून म्हणाला, "आज रविवार. येतोस तर टेपचं दुसरं टोक धर."

टेप गवंडीकामाची होती, पहिले तीन इंच तुटलेले. ते तीन इंच दर वेळी वजा करायचे, हे त्यानं रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहून ठेवलं आहे.